टेपर म्हणजे काय? अर्थ आणि वापर

टेपर या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे हळूहळू कमी होत जाणे. धाडकन कमी झालं तर तो ड्रॉप, थोडं थोडं करत ओसरलं तर टेपर. पाऊस टेपर ऑफ झाला म्हणजे ओसरत गेला.

मूळ अर्थ बारीक मेणबत्ती. त्यावरून टोकाकडे निमुळतं होत जाण्यालाही टेपर म्हणू लागले. मुळा टेपर्ड असतो; आमच्या असोद्याचं भरताचं वांगं नाही, ते गुबगुबीतच! सलूनमधल्या टेपर फेडमध्येही केस कानाकडे आणि मानेकडे कमी कमी होत जातात.

आता आपल्या कामाचं. फोन २० वरून ७० टक्के पटकन होतो आणि शेवटचे १०-१५ टक्के रडवतो. पुष्कळ जण म्हणतात चार्जर गेला, आणि जळगावला जाऊन नवा आणतात. अहो, चार्जर ठीक असतो. लिथियम-आयन बॅटरीत आधी भरपूर करंट सोडतात. सेलचा व्होल्टेज साधारण ४.२ ला, नव्या फोनांत थोडा वर, पोचला की तो तिथेच धरून ठेवतात. मग सेल भरत जातो तसा करंट आपोआप उतरत जातो. हेच टेपर चार्जिंग. शेवटपर्यंत करंट तसाच जोरात ढकलला तर बॅटरी तापेल, खराब होईल. घाई असेल तर सरळ ८० ला काढा.

पण ३०-४० टक्क्यांवरच चार्जिंग मंदावलं आणि फोन गरम लागत असेल, तर तो टेपर नाही. फोन स्वतःला वाचवतोय. ॲपल आयफोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात नको, आत बाष्प धरतं.

बातम्यांतही हा शब्द येतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी टेपर करण्याचे संकेत दिले, आणि ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला.

सगळ्यात महत्त्वाचा वापर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा. बरेच दिवस स्टेरॉइड चालू असलं की शरीर स्वतःचं तसलं हार्मोन बनवणं कमी करतं. म्हणून डोस टेपर करतात. बरं वाटलं म्हणून घरातल्या कुणी या गोळ्या मधेच सोडल्या तर त्रास होऊ शकतो, डॉक्टरांना विचारूनच कमी करा.