ल्यूगर पिस्तुलाची पारख

दोन महायुद्धांनंतर मायदेशीं परतणाऱ्या दोस्त सैनिकांनीं ज्या वस्तु आठवण म्हणून हौसेनें घरीं नेल्या, त्यांत जर्मन सैनिकाच्या कमरेचें ल्यूगर पिस्तूल अग्रगण्य होतें. त्या पिढीच्या मागें तीं पिस्तुलें माळ्यावरून खालीं उतरलीं आणि संग्राहकांच्या हातीं पडलीं. भारतांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळें परवान्यावांचून असें हत्यार बाळगतां येत नाहीं. सबब हा बाजार मुख्यत्वें अमेरिकेंत व युरोपांत भरतो. तेथें एकाच वर्षाचीं, एकाच कारखान्याचीं दोन पिस्तुलें शेजारीं ठेवलीं, तर झगझगीत दिसणारें बहुधा स्वस्त आणि कळाहीन दिसणारें महाग असतें. नवख्याला हें कोडें उलगडत नाहीं, आणि तेथेंच तो फसतो.

ह्या हत्याराचें मूळ ह्यूगो बोर्खार्टच्या १८९३ च्या पिस्तुलांत आहे. गिऑर्ग ल्यूगर ह्यानें तें बोजड यंत्र सुटसुटीत केलें. माणसाचा गुडघा ताठ असतां भार पेलतो व मुडपला कीं सैल पडतो, त्याच युक्तीनें ह्याची कडी गोळी सुटतांना घट्ट राहते व मग वर मुडपून रिकामें काडतूस बाहेर टाकते. स्वित्झर्लंडच्या सैन्यानें तें १९०० सालीं, जर्मन आरमारानें १९०४ सालीं आणि जर्मन भूसेनेनें १९०८ सालीं स्वीकारलें. त्या सालावरूनच त्याला 'पी. ०८' हें नांव मिळालें. बर्लिनचा डी. डब्ल्यू. एम. कारखाना, एर्फुर्टचें सरकारी शस्त्रागार, सूलची सिमसन कंपनी, आणि १९३० नंतर ओबर्नडॉर्फची माउझर कंपनी, असा त्याचा प्रवास झाला.

ह्या पिस्तुलाचे भाग हातानें घासून एकमेकांत बसवीत. एकाचा भाग दुसऱ्याला नीट बसेलच असा भरंवसा नसे. म्हणून मुख्य भागांवर पूर्ण क्रमांक आणि बारीकसारीक भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असत. दुरुस्तीच्या वेळीं ढिगांतून आपापले भाग परत मिळावेत, एवढाच त्यांत हेतु. कारखानदाराची ही साधी सोय आज संग्राहकाची कसोटी होऊन बसली आहे. नळी, सांगाडा, कडी, चाप, सुरक्षेची कळ ह्या सर्वांवरचे आकडे जुळले, तर तें पिस्तूल कारखान्यांतून निघालें तसें टिकलें असें धरावयास आधार मिळतो. मॅगझिनहि त्याच क्रमांकाचें निघालें तर दुधांत साखरच; कारण युद्धाच्या गर्दींत मॅगझिनें हरवत व अदलाबदल होत.

अर्थात् आकडेहि नवे ठोकतां येतात. मूळचा आकडा खाचून काढला, तर तेथला पृष्ठभाग किंचित् खोलगट होतो, आणि नव्या ठशाचें वळण शेजारच्या आकड्यांशीं जुळत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत रशियनांनीं जप्त केलेलीं पुष्कळ पिस्तुलें त्यांच्या शस्त्रागारांत उकलून, निरनिराळ्यांचे भाग एकत्र करून, पुन्हा काळीं केलीं गेलीं व कित्येक वर्षांनीं पाश्चात्त्य बाजारांत आलीं. त्यांत फसवणुकीचा हेतु नव्हता. फसवणूक करतो तो पुढचा विक्रेता.

आकड्यांपेक्षांहि बोलका असतो तो रंग. जुनी रीत अशी कीं, पोलादावर मुद्दाम गंज चढवावा, उकळावा, घासावा, आणि असें पुनःपुन्हा करून निळसर काळी झांक आणावी. चाप, सुरक्षेची कळ असे कांहीं भाग मात्र तापवून गव्हाच्या काडासारखे पिवळसर करावेत. माउझर कंपनीनें १९३७ च्या सुमारास ही रीत सोडून क्षारांच्या कढत द्रावणांत सर्वच भाग रंगविण्यास आरंभ केला. तेव्हां नळीमागें १९१७ साल आहे आणि चाप मात्र काळाकुळकुळीत आहे, असें पिस्तूल दिसलें तर त्याला मागाहून रंग दिला असें समजावें. पुन्हा रंगविण्यापूर्वीं घासणें आलें, आणि घासतांना ठशांच्या तीक्ष्ण कडा बोथट होतात, सपाट भागांचे कोपरे गोलावतात. सणासुदीला चिंच लावून तांब्याचीं भांडीं उजळण्याची संवय चांगलीच. परंतु ती येथें लागू केली तर वस्तूबरोबर तिचा पुरावाहि घासला जातो.

सालाविषयीं दोन शब्द. नळीमागें 'के' हें अक्षर असल्यास १९३४ आणि 'जी' असल्यास १९३५ समजावें. कांहीं पिस्तुलांवर युद्धकाळांतील सालाशेजारीं १९२० हा आकडाहि आढळतो. ती युद्धोत्तर प्रजासत्ताकाच्या सरकारी मालकीची खूण होय. तिला बनावट समजून किंमत पाडणारे महाभागहि आहेत.

किंमत ठरवितांना दुकानदारानें मागितलेली नव्हे, तर लिलावांत प्रत्यक्ष मोजली गेलेली रक्कम पाहावी, आणि तीहि त्याच कारखान्याच्या, त्याच सालाच्या व त्याच स्थितीच्या पिस्तुलाची. भाग बेजोड असतील, तर तें नेमबाजीच्या हत्याराच्या भावानें घ्यावें, ऐतिहासिक वस्तूच्या नव्हे. 'हें अमक्या सेनापतीचें' अशा सांगोवांगीच्या कथेला एक दमडीहि देऊं नये. मात्र अमेरिकन सैनिकाला लुटीची वस्तु घरीं नेण्यासाठीं त्याच्या अधिकाऱ्यानें सही करून दिलेला परवान्याचा कागद सोबत असेल, आणि त्यावर पिस्तुलाचा क्रमांक असेल, तर जाणता ग्राहक त्या कागदाला अधिक पैसे मोजतो. अगोदर अर्थातच तो कागदावरचा क्रमांक आणि पोलादावरचा क्रमांक भिंगाखालीं अंकागणिक ताडून पाहतो.