आगकाड्यांची मौज

भारतीय चित्रपटाच्या जन्माशी प्रभू येशूच्या चरित्राचा संबंध आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नसावी. 1910-11 च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर वावरतो, तर राम-कृष्ण का नाहीत, या विचाराने ते झपाटले. त्यातूनच 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. आम्हांस येथे लिहावयाचे आहे ते त्यांच्या एका चिमुकल्या, हरवलेल्या कृतीविषयी.

लंडनहून 1912 साली कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे टप्प्याटप्प्याने टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ पाहूनच भांडवल देणारा गृहस्थ राजी झाला. तीच युक्ती 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये दिसते. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काडी तसूभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 चित्रे लागत; म्हणजे मिनिटाच्या खेळासाठी हजाराला थोडी कमी! फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 मध्येच काड्या नाचविल्या होत्या. पण महायुद्धाच्या ओढगस्तीत, जवळजवळ एकहाती असे काम करणे ही तपश्चर्याच म्हणावी लागेल. उपवासकाळात आमच्या मोहर्लीच्या रानात काटेसावर लाल फुलांनी पेटते. तिच्या मऊ लाकडाच्याही आगकाड्या होतात. इतक्या क्षुल्लक वस्तूतून भारतीय सचेतनपटाचा आरंभ झाला.

आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जगातही हेच घडले. अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी 1917 मध्ये ‘एल अपोस्तोल’ हा पहिला पूर्ण लांबीचा सचेतनपट काढला. नावाचा अर्थ ‘प्रेषित’, पण विषय राष्ट्राध्यक्षांची टिंगल! तो 1926 च्या आगीत गेला. रोममध्ये 1930 च्या दशकात ‘पिनोकियो’ या लाकडी बाहुल्याच्या कथेवर असाच मोठा चित्रपट सुरू झाला, तो अपुराच राहिला आणि नाहीसा झाला. त्या काळची नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असे. शिवाय जुनी रिळे चांदी काढून घेण्यासाठी वितळवली जात.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले 1964 मध्ये. फाळके निवर्तले 1944 मध्ये. मधली वीस वर्षे वाया गेली, याची आम्हांस खंत वाटते. तरीही संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन ‘कालिया मर्दन’ची रिळे मिळविली. त्यामुळे 1919 मध्ये बाळकृष्ण झालेली फाळक्यांची कन्या मंदाकिनी आजही पडद्यावर हसताना दिसते. आगकाड्या मात्र त्या रिळांत नव्हत्या.