'यिरा' : भय कीं आदर?

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत ईश्वराच्या भयाचा उल्लेख वारंवार येतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत तर हें भय ज्ञानाचा आरंभच मानिलें आहे. असे उल्लेख वाचून पुष्कळ सुशिक्षितांचाही असा ग्रह होतो कीं, यहुद्यांचा देव केवळ दंडधारी असून त्याचे उपासक त्याच्यापुढें सदैव थरथर कांपत असले पाहिजेत. हा ग्रह बव्हंशीं भाषांतरानें उत्पन्न केलेला आहे. मूळ हिब्रू शब्द 'यिरा' हा असून, वाघास पाहून वाटणारी भीति आणि गुरुजनांपुढें आपोआप लवणारी मान, ह्या दोहोंसही तो चालतो.

ह्या शब्दाचा धातु योद, रेश व आलेफ ह्या तीन अक्षरांचा. 'नोरा' म्हणजे ज्याच्यापुढें मन दबून जावें असें भव्य, हें विशेषण त्याच धातूपासून झालें आहे. निव्वळ धास्तीसाठीं हिब्रूंत 'पहद' असा दुसरा शब्द आहे. परंतु ग्रंथकारांची प्रीति 'यिरा'वर अधिक दिसते.

ह्या शब्दाचें सामर्थ्य योनाच्या लहानशा कथेंत उत्तम प्रकारें दिसून येतें. योना हा ईश्वराची आज्ञा चुकवून तार्शीशकडे जाणाऱ्या गलबतावर चढतो. वादळ उठतें, तेव्हां खलाशी भितात. येथें हाच धातु. 'तूं कोण?' असें विचारतांच योना सांगतो कीं, आपण हिब्रू असून समुद्र व भूमि निर्माण करणाऱ्या देवास 'यारे' आहों. पुनः तोच धातु. परंतु जो मनुष्य त्या देवापासूनच पळून चालला आहे, तो आपण त्यास भितों असें सांगत नाहीं. आपण त्याचे उपासक आहों, एवढेंच त्यास म्हणावयाचें आहे. तें ऐकून खलाशी अधिकच भितात. शेवटीं योनास समुद्रांत टाकल्यावर दर्या शांत होतो आणि कथाकार पुनः सांगतो कीं, त्या लोकांस ईश्वराची मोठी 'यिरा' वाटली व त्यांनीं यज्ञ करून नवस केले. वादळ तर ओसरलें होतें, मग भय कसलें? एकाच अध्यायांत, एकाच धातूनें, जिवाची भीति भक्तीपर्यंत येऊन पोंचली आहे. ग्रंथकारानें मध्यें शब्द बदलला असता तर ही वाट दिसलीच नसती.

घरगुती उदाहरणही आहे. मोशेच्या नियमांत आईबापांचा मान राखावा अशी एक आज्ञा आहे व त्यांची 'यिरा' धरावी अशी दुसरी. तालमूदांतील आचार्यांनीं ह्या दोहोंतील भेद मोठ्या व्यवहारज्ञानानें सांगितला आहे. बापाच्या जागेवर बसूं नये, त्याचें बोलणें खोडून काढूं नये, ही 'यिरा'. त्यास अन्नवस्त्र द्यावें, हाताला धरून न्यावें-आणावें, हा मान. मारझोडीचें येथें नांवही नाहीं. शिवाय मानाच्या आज्ञेंत बाप प्रथम आणि 'यिरे'च्या आज्ञेंत आई प्रथम, असें कां? तर गोड बोलून वळविणाऱ्या आईचा मान मूल आपण होऊन राखतें व शिकविणाऱ्या बापाचा धाक त्यास आपण होऊन वाटतो. म्हणून जें आपोआप होत नाहीं, तें शास्त्रानें आधीं सांगितलें. आपल्या भाषेंत 'भीड' म्हणावें तर तो शब्द फार हलका पडतो आणि 'धाक' म्हणावें तर फार कडक.

भाषांतरकारांची अडचण येथेंच आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियांत मोशेच्या ग्रंथांचें ग्रीक भाषांतर झालें, तेव्हां 'यिरा'च्या जागीं बहुतेक ठिकाणीं 'फोबोस', म्हणजे भय, हा शब्द आला. पुढें लॅटिनांत 'तिमोर' झाला व मराठी बायबलांतही 'भय'च आलें. परंतु खुद्द ग्रीक बोलणाऱ्या लोकांस हा अर्थ अपुरा वाटत असावा. यहुदी नसून त्यांच्या प्रार्थनामंदिराशीं संबंध ठेवणाऱ्यांस 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्या पुस्तकांत देवास 'भिणारे' म्हटलें आहे. कैसरियाचा रोमन शताधिपति कर्नेल्य हा त्यांपैकींच एक. उलट, आशियामायनरांतील अफ्रोदिसियास येथें १९७६ सालीं सांपडलेल्या शिलालेखांत अशाच लोकांची यादी 'थेओसेबेइस', म्हणजे देवास पूज्य मानणारे, ह्या नांवाखालीं कोरलेली आहे आणि तींत नगरसभेचे सभासदही आहेत. एकाच वर्गाच्या लोकांस एकानें भिणारे म्हटलें, दुसऱ्यानें पूजक म्हटलें.

बाराव्या शतकांत मैमोनिदीज ह्या पंडितानें ह्या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट विचार केला. शिक्षेच्या भीतीनें केलेली सेवा त्यानें कनिष्ठ ठरविली. खरी 'यिरा' कशी उपजते? मनुष्य सृष्टीची अद्भुत रचना पाहतो, तेव्हां प्रथम त्यास कर्त्याविषयीं प्रेम वाटतें. नंतर तेंच चिंतन चालूं असतां आपण त्या अफाट रचनेपुढें किती क्षुद्र, हें उमगून तो एकाएकीं मागें सरतो. प्रेम आधीं आणि मागें सरणें नंतर, हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. दंड त्यांत कोठेंच येत नाहीं.

यहुद्यांच्या वर्षारंभापासून किप्पूरच्या उपवासापर्यंतच्या दहा दिवसांस 'यामीम नोराईम' म्हणतात. त्यांतील 'नोराईम' म्हणजे वरील 'नोरा'च. योनाची कथा किप्पूरच्याच दिवशीं तिसऱ्या प्रहरीं मंदिरांत वाचतात. कोंकणांतील बेने इस्रायल, ज्यांस गांवोगांव शनिवार तेली म्हणत, हिब्रू ग्रंथांस बहुतांशीं पारखे झाले होते. तरी हा उपवास त्यांनीं सोडला नव्हता. त्यास ते आपल्या मराठींत 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारें लावून घेण्याचा सण, म्हणत. त्या दिवशीं पांढरीं वस्त्रें नेसून ते घरांतच राहत व परक्याचा स्पर्श टाळीत. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशीं दारें उघडून गोरगरिबांस दान द्यावयाचें आणि इष्टमित्रांच्या भेटीस जावयाचें.