दिव्यांगांसोबत एक दिवसाची सहल : तुळजापूर, नळदुर्ग, तेरला निघण्याआधी हे बघा

धाराशिव : घरात दिव्यांग माणूस असला की सहलीच्या वेळी "तू घरीच थांब, आम्ही जाऊन येतो" असं सहज म्हटलं जातं. मग त्याला सांभाळणारी आई नाहीतर बायकोही घरीच राहते. ठिकाण आणि वेळ नीट ठरवली तर दोघांनाही बाहेर पडता येतं.

तिकीट : एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्के व त्यापुढील दिव्यांगत्व असणाऱ्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांवर असेल तर सोबतच्या एका माणसाला ५० टक्के. सोबत बाईमाणूस असेल तर २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. ओळखपत्र जवळ ठेवा.

तुळजापूर : महाद्वारातून आत गेलं की बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, येताना तेवढ्याच चढायच्या. मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. व्हीलचेअर कुठल्या दाराने नेता येईल, हे मंदिर कार्यालयात आदल्या दिवशीच विचारा. माणसासकट खुर्ची उचलायची वेळ आली तर चौघं लागतात.

नळदुर्ग : बोरी नदीला पाणी असलं की नर-मादी धबधबे वाहतात. पाणीमहालाच्या पायऱ्या अरुंद, ओल्या; तिथं खुर्चीचं काम नाही. धबधबा मात्र वरूनही दिसतो. एकाने वर सोबत थांबावं, मग पाळी बदलावी. सांभाळणाऱ्यालाही बघायला मिळालं पाहिजे.

तेर : तेरणाकाठचं संत गोरोबाकाकांचं मंदिर आणि लामतुरे वस्तुसंग्रहालय एकाच गावात आहेत. चैत्रातली यात्रा सोडली तर धावपळ कमी. पहिल्या सहलीला हेच बरं. संग्रहालय उघडं आहे का, विचारूनच निघा.

संडासची सोय : खरी अडचण इथंच येते. सोय नसेल या भीतीने कित्येक जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने उन्हाचा त्रास आणि लघवीचा संसर्ग, दोन्ही वाढतात. जेवायला थांबायचं त्या हॉटेलात आधीच फोन करून कमोड आहे का आणि दार किती रुंद आहे ते विचारा. खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. दार अडीच फुटांच्या वर हवं.

सोबत काय घ्याल : औषधं, जादा कपडे, चादर, पाणी आणि एक मजबूत फळी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट फळी लागते, त्याहून आखूड लावली तर खुर्ची उलटायची भीती. खुर्चीत बसून राहणाऱ्याची बैठक दर अर्ध्या तासाने बदला, नाहीतर जखमा होतात. मणक्याला मार असलेल्यांना घाम नीट येत नाही, म्हणून मार्च ते मे दुपारचा प्रवास नकोच.

एका दिवसात एकच ठिकाण धरा आणि दिवस मावळायच्या आत घरी या.