मण्यारदंश : कर्जत-खालापुरातील तातडीचे उपचार

नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चार प्रमुख विषारी सापांपैकी वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत फसवा दंश मण्यारीचा. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांतल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर पावसाळ्यात माणसे जमिनीवर निजतात आणि रात्री फिरणारी मण्यार झोपेतच चावते. ना आग, ना सूज. दंशाची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. पोटदुखीची गोळी देऊन रुग्णाला घरी पाठवण्याची चूक पहिल्याच टप्प्यावर होते. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घोणस-फुरशासाठी आहे. मण्यारदंशात ती ठीक येते, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

या दंशात जीव वाचतो तो मुख्यतः श्वास चालू ठेवल्याने. हे विष मज्जातंतूंची टोकेच निकामी करते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, म्हणून ८ ते १० कुप्या लवकर द्याव्यातच. पण झालेली इजा त्याने भरून येत नाही आणि नागदंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मिन हे औषधही इथे सहसा कामी येत नाही. टोके पुन्हा वाढायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस श्वास यंत्राने द्यावा लागतो. पूर्ण लकव्यात बाहुल्या विस्फारतात, पापणीही हलत नाही आणि मेंदू मृत झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात रुग्णाला सगळे ऐकू येत असते. अशा वेळी उपचार थांबवणे अक्षम्य आहे.

ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर काय, म्हणून रुग्ण पनवेल-मुंबईला पाठवलेला बरा, असा आक्षेप असतो. त्यात तथ्य आहे, कारण व्हेंटिलेटर पुढेच मिळणार. पण रिअ‍ॅक्शनवर मांडीत ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन हा साधा उपाय आहे, आणि हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबायला तज्ज्ञ लागत नाही. श्वासाची सोय न करता पाठवलेला रुग्ण वाटेतच गुदमरतो. मांत्रिकाकडे वेळ जातो हेही खरे. पण वेळेत आलेल्याच्या बाबतीत ती सबब चालत नाही.

मार्च २०२४ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. कर्जत-खालापुरात त्यासाठी रात्रपाळीच्या प्रत्येक डॉक्टर-परिचारिकेला अंबू बॅग सराईतपणे हाताळता आलीच पाहिजे.