साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला, आणि मुंबईच्या चाळींतील अंधार हा एकाएकी राज्यकारभाराचा प्रश्न होऊन बसला. तोवर घरमालकाने आपल्या जमिनीवर किती खोल्या कोंबाव्यात, याला फारसा धरबंध नव्हता. भिंतीला भिंत खेटलेली घरे, मधल्या बोळांतून वाहणारे सांडपाणी आणि भर दुपारी दिवा लावावा लागणारे खण, असे त्या वस्त्यांचे रूप होते.

१८९८ मध्ये कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने नागपाड्यातील कोंदट वस्ती पाडली, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. मात्र पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून मोठा होता. हुसकलेली माणसे शेजारच्याच चाळींत शिरली. हे अपयश ट्रस्टच्या नावे मांडावेच लागते. तरीही त्याने एक साधा नियम घालून दिला. तळमजल्यावरून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे ओढलेली रेषा साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढती नसावी; म्हणजेच इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर समोर मोकळे हवे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास याच मापाचा हिरिरीने पुरस्कार केला. घरात आकाश दिसावे, एवढाच त्याचा हेतू.

स्वातंत्र्यानंतर दुसरे माप आले. १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर चटईक्षेत्र निर्देशांक रूढ झाला: भूखंडाच्या कितीपट बांधकाम करावे, याची मर्यादा. दाटी आवरण्यासाठीच तो आणला गेला. पण मर्यादा आकड्यात आली की तिची देवघेव करणे सोपे होते. इकडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठलेली. डागडुजीत मालकाला रस उरला नाही, आणि १९६९ मध्ये उपकर लावून अशा १९,६४२ इमारतींची दुरुस्ती शासनाला अंगावर घ्यावी लागली.

तिजोरीत पैसा नव्हता. आकडा मात्र हातात होता. १९९१ च्या नियमावलीने शहरासाठी १.३३ व उपनगरांसाठी १ हा निर्देशांक ठेवला, आणि त्याच नियमावलीने त्यातून सवलतीही दिल्या. उपकरप्राप्त इमारत नव्याने बांधणाऱ्यास २, पुढे १९९९ मध्ये २.५. आरक्षित जमीन सोडणाऱ्यास हस्तांतरणीय विकास हक्क, जो उपनगरात नेऊन विकता येई. १९९५ नंतर झोपडीधारकास २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य देणाऱ्या विकासकाला जादा बांधकाम मिळू लागले. योजना चतुर होती, आणि हजारो कुटुंबांना तिच्यामुळे पक्के छप्पर मिळाले हेही खरे. पण विकासकाची मिळकत जादा क्षेत्रफळावर ठरे, मधल्या मोकळ्या जागेवर नव्हे. आणि पुनर्वसनाच्या इमारतींना त्या जागेतही सूट मिळाली.

मानखुर्दचे लल्लूभाई व गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड हे रेल्वे-रस्त्यांच्या प्रकल्पांतील विस्थापितांसाठी उभे राहिले. तेथे सात-आठ मजली इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर अंतर आहे. ऑर यांच्या मापाने ते दहा-अकरा मीटर भरले असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या वसाहतींत क्षयाचे प्रमाण मोठे आढळले, आणि अपुरा उजेड व वारा यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. त्याच वर्षी अमलात आलेल्या नव्या नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनाचा निर्देशांक सर्वसाधारणपणे ३ वरून ४ वर नेण्यात आला.