स्यामच्या किनाऱ्यावरील पंगत

समुद्रकांठच्या गांवीं उतरलेला प्रवासी बहुधा दोनच प्रश्न विचारतो: ताजी मासळी कोठें मिळेल, आणि येथलें अस्सल जेवण कोणत्या खाणावळींत जेवावें? पहिल्याचें उत्तर कोळीण देते. दुसरा प्रश्न मात्र इतिहासाकडे न्यावा लागतो, आणि तेथलें उत्तर ऐकून विचारणारा बरेचदां हिरमुसला होतो. स्यामच्या आखातावरील हुआ हिन या गांवाचेंच उदाहरण घेऊं.

हुआ हिन म्हणजे पाषाणमस्तक. बँकॉकच्या दक्षिणेस सुमारें दोनशें किलोमीटरांवरचें हें कोळ्यांचें खेडें १९११ सालीं आगगाडी येईपर्यंत फारसें कोणाच्या खिजगणतींत नव्हतें. रूळ आले आणि त्यांच्या पाठोपाठ राजकुलांतील मंडळी हवा पालटण्यास येऊं लागली. १९२३ सालीं रेल्वेनें येथें युरोपीय थाटाचें हॉटेल उघडलें, जवळच गॉल्फचें मैदान झालें, आणि राजा प्रजाधिपोक यानें ‘क्लाय कांग्वोन’, म्हणजे ‘चिंतेपासून दूर’, या नांवाचा वाडा बांधविला. नियतीनें त्या नांवाची थट्टा लवकरच केली. २४ जून १९३२ रोजीं राजधानींत क्रांति होऊन अनियंत्रित राजसत्ता संपली, तेव्हां राजेसाहेब याच वाड्यांत मुक्कामास होते.

आतां जेवणाकडे वळूं. ‘अस्सल थाई’ म्हणून जें ताट पुढें येतें, त्यांतला झणझणीतपणा ज्या मिरचीचा, ती मुळांत अमेरिकेची. अल्बुकर्कनें १५१० सालीं गोवें घेतलें, १५११ सालीं मलाक्का घेतली, आणि त्याच वर्षीं दुआर्त फर्नांदिश या वकिलास अयुथ्येच्या दरबारीं धाडलें. पुढें मिरची आपल्या कोंकणांत आणि स्यामांत शिरली ती या फिरंगी व्यापाराच्या वाटेनें. तत्पूर्वीं तिखटाचें काम दोन्हीकडे मिऱ्यावर भागत असे. अंड्याच्या बलकाच्या सोनेरी तारांचें ‘फोय थाँग’ हें पक्वान्नहि पोर्तुगीज वळणाचें. त्याचें श्रेय परंपरेनें सतराव्या शतकांतील मारिया ग्युयोमार या जपानी-पोर्तुगीज वंशाच्या बाईकडे जातें. ‘फाद थाई’चें नांव तर राष्ट्राचेंच, पण शेवया परतण्याची रीत चिनी. १९३९ सालीं स्यामचें नांव थायलंड झालें, आणि पिबूनसंग्राम यांच्या त्याच राजवटींत शेवया खाण्याचा प्रचार सरकारनें हिरीरीनें केला. राष्ट्राभिमान पोटांतून शिकविण्याची ही तऱ्हा मला तरी व्याख्यानांपेक्षां बरी वाटते!

मग अस्सल म्हणावें तें काय? माझें बोट ‘प्ला थू’ या माशाकडे जातें. हा आपल्या बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ. दोघांचें कूळ एकच. आखातांतील उथळ पाण्यांत तो पोसतो. मिठाच्या पाण्यांत उकडून तो वेळूच्या लहान, वाटोळ्या टोपल्यांत मांडतात. टोपलींत मावावा म्हणून त्याची मान खालीं मोडतात, त्यामुळें सारे मासे लाजून बसल्यासारखे दिसतात. जवळा मिठांत मुरवून केलेली ‘कापि’, लसूण, मिरची व लिंबू कुटून जी चटणी होते, तिच्यासह हा तळलेला मासा, कच्चीउकडलेली भाजी आणि भात, हें तेथील गरिबाचें व श्रीमंताचें सारखेंच आवडतें जेवण आहे. त्या चटणींत फिरंगी मिरची आहेच. तरी तें ताट परकें आहे असें म्हणण्यास कोणी धजणार नाहीं.

दुःख इतकेंच, कीं १९६० नंतर समुद्राचा तळ खरवडणारीं यांत्रिक जाळीं आखातांत फिरूं लागलीं आणि मासळी ओसरली. अलीकडे प्ला थू इतका घटला आहे, कीं टोपल्यांत परदेशांतून गोठवून आणलेले त्याचे भाईबंद दिसूं लागले आहेत. पाककृतीचे सारे परके पाहुणे पचविणाऱ्या पंगतींत आतां यजमानच दुर्मिळ होत आहे. म्हणून हुआ हिन ज्या प्रांतांत मोडतें, त्या प्रचुआप खिरी खानपासून दक्षिणेकडील समुद्रांत दरवर्षीं १५ फेब्रुवारीपासून १५ मेपर्यंत, मासा अंडीं घालतो त्या काळांत, मासेमारीवर सरकारी निर्बंध असतात. आपल्याकडे पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवतात, त्याच जातीचा हा उपाय. त्या महिन्यांत तेथें जाणाऱ्यानें कोळणीस भाव विचारण्याआधीं मासा कोठला, हें विचारावें.